एसएसडीवर लिनक्स टाकताना फाइल सिस्टीम कोणती निवडावी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुधारणा-सेवा थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८ पासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे गिरगावातल्या डीटीपीच्या दुकानांतले, परळ-लालबागच्या घरांतले आणि मंडळांच्या कार्यालयांतले कितीतरी धडधाकट संगणक एकाएकी निकालात निघाल्यासारखे झाले. ते भंगारात देण्याची काहीही गरज नाही. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्रीच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, २४० किंवा ५०० जीबीची एसएसडी आणायची, जुनी हार्ड डिस्क काढून ती बसवायची आणि लिनक्स मिंट, उबुंटू किंवा फेडोरा टाकायचे. संगणक पुढची पाच-सहा वर्षे खुशाल काम देतो.

हे सगळे सोपे आहे. अडखळायला होते ते एकाच ठिकाणी. इन्स्टॉलरमध्ये स्वतः पार्टिशन करण्याचा पर्याय घेतला, की एक यादी उघडते: एक्स्ट-४, बीटीआरएफएस, एक्सएफएस, कधी एफटूएफएस. यातले काय निवडायचे? बहुतेक जण विचारतात, ‘सगळ्यांत फास्ट कुठली?’ माझ्या मते हा प्रश्न बाजूला ठेवावा. सॅटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते, फाइल सिस्टीम कोणतीही असो. एनव्हीएमई ड्राइव्ह त्याच्या कितीतरी पट वेगवान असते. पण पत्रे टाइप करणे, हिशेब ठेवणे, ब्राउझर उघडणे, फोटो पाहणे या कामांत फाइल सिस्टीममुळे पडणारा वेगाचा फरक डोळ्यांना कळत नाही. विचारायचे ते हे: या संगणकातले काय गेले तर मला परत मिळणार नाही? उत्तर ज्याचे त्याचे वेगळे असते आणि निवड त्यावरच ठरते.

माझा सल्ला आधीच सांगून टाकतो. घरातल्या किंवा दुकानातल्या एका एसएसडीच्या साध्या संगणकासाठी एक्स्ट-४ घ्या. जुने फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रे, ध्वनिमुद्रणे असा ठेवा सांभाळायचा असेल, ड्राइव्ह बऱ्या कंपनीची असेल आणि थोडे शिकायची तयारी असेल, तर बीटीआरएफएस घ्या. बाकीच्यांची गरज फार थोड्यांना पडते. आता कारणे.

एसएसडीच्या आत काय चालते

हार्ड डिस्कवर जुन्या मजकुरावर नवा मजकूर थेट लिहिता येतो. एसएसडीत तसे होत नाही. तिच्यातल्या फ्लॅश चिपमध्ये लिहिले जाते ते काही केबींच्या लहान पानांत, पण पुसले जाते ते अशा शेकडो पानांच्या मोठ्या ब्लॉकमध्ये, एकदम. आपल्या भागात हे समजायला वेळ लागू नये. चाळीतल्या खोल्या एकेक करून भरतात, पण इमारत पुनर्विकासाला घ्यायची तर ती अख्खी रिकामी करावी लागते आणि जे भाडेकरू अजून राहत असतील त्यांना आधी संक्रमण शिबिरात हलवावे लागते. एसएसडीचा कंट्रोलर दिवसरात्र हेच करत असतो. अर्धवट भरलेल्या ब्लॉकमधली कामाची पाने दुसरीकडे हलवतो, मग तो ब्लॉक पुसून नव्या लेखनासाठी मोकळा करतो. आता एखाद्या खोलीतला भाडेकरू कधीच गाव सोडून गेलेला आहे, पण हे कोणी कळवलेच नाही, तर त्याचेही सामान उगाच हलवत बसावे लागेल. तुम्ही फाइल पुसता तेव्हा फाइल सिस्टीम फक्त आपल्या वहीतली नोंद काढते. ड्राइव्हला त्याचा पत्ता नसतो. तो पत्ता देणारी आज्ञा म्हणजे ट्रिम. ती वेळच्या वेळी गेली नाही, तर ड्राइव्ह मेलेला मजकूर हलवत राहते, हळूहळू मंदावते आणि विनाकारण झिजते.

एक्स्ट-४, बीटीआरएफएस, एक्सएफएस आणि एफटूएफएस या चारही फाइल सिस्टीम ट्रिम देऊ शकतात. उबुंटू, मिंट आणि फेडोरात आठवड्यातून एकदा आपोआप ट्रिम होण्याची सोय आधीच चालू असते. बीटीआरएफएस तर लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या ६.२ या आवृत्तीपासून ही सूचना सवडीने पण सतत पाठवत राहते. म्हणजे केवळ ट्रिमसाठी अमुक एक निवडावी असे काही उरलेले नाही. दोन ठिकाणी मात्र लक्ष द्या. एसएसडी यूएसबीच्या डबीत घालून बाहेरून जोडली असेल, तर पुष्कळ डब्या ट्रिमची आज्ञा आत पोचू देत नाहीत. आणि संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, तर काही लिनक्समध्ये ट्रिमला वेगळी परवानगी द्यावी लागते.

ट्रिमची दुसरी बाजू फार कमी लोकांना ठाऊक असते. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल पुष्कळदा परत काढता येत असे, कारण मजकूर डिस्कवर तसाच पडलेला असे. डेटा परत काढून देणाऱ्या दुकानांचा धंदाच त्यावर उभा राहिला. एसएसडीवर ट्रिम होऊन गेल्यावर ती आशा जवळजवळ संपते. ‘काढून देईल कोणीतरी’ ही जुनी सवय सोडायला हवी. चुकून पुसण्याची भीती असेल, तर त्याची तजवीज आधीच करून ठेवावी लागते, आणि इथे फाइल सिस्टीमच्या निवडीला खरा अर्थ येतो.

झिजेची धास्ती मात्र मनातून काढून टाका. किंग्स्टनच्या ए४०० मालिकेतल्या २४० जीबीच्या साध्या ड्राइव्हलाही कंपनीने ८० टीबी लेखनाची हमी-मर्यादा दिली आहे. रोज २० जीबी लिहिले, आणि घरच्या वापरात इतके क्वचितच होते, तरी वर्षाला सव्वासात टीबीच्या थोडे वर भरतात. ती मर्यादा गाठायला जवळपास अकरा वर्षे लागतील. म्हणून ‘एसएसडी वाचवायला जर्नल बंद करा, स्वॅप काढून टाका’ असले पंधरा वर्षांपूर्वीचे सल्ले आज मनावर घेऊ नका. त्यांतला जर्नल बंद करण्याचा सल्ला तर सरळ घातक आहे.

एक्स्ट-४: जिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा

एक्स्ट-४ डिसेंबर २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२८ या कर्नलमध्ये पक्की म्हणून दाखल झाली. तिच्यामागे एक्स्ट-२ आणि एक्स्ट-३ ची, १९९३ पासूनची परंपरा आहे. उबुंटू, मिंट, डेबियन आजही न विचारता हीच देतात. इतकी वर्षे, इतक्या यंत्रांवर चाललेल्या गोष्टीतले बहुतेक दोष कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येऊन दुरुस्त झालेले असतात, आणि ही गोष्ट मला कोणत्याही वेगाच्या तक्त्यापेक्षा मोलाची वाटते.

तिचा जर्नल म्हणजे कामाची आगाऊ नोंद. कोणती फाइल कुठे आहे, कोणती जागा रिकामी आहे, हा हिशेब बदलायचा तर बदल आधी जर्नलमध्ये लिहिला जातो, मग मूळ जागी. मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी संगणक सुरू होताना ती नोंद वाचून हिशेब जुळवला जातो. शहरातला वीजपुरवठा बेस्टचा असल्याने एरवी आपल्याकडे फारशी तक्रार नसते. पण १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमारास ग्रीड कोलमडली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि मुंबईभरचे डेस्कटॉप एका क्षणात बंद पडले. अशा वेळी एक्स्ट-४ वर शेवटच्या काही सेकंदांचे, फार तर अर्ध्या मिनिटाचे न जतन झालेले काम जाऊ शकते. अख्खी डिस्क उघडेनाशी होण्याचा प्रसंग विरळा. आणि तसा आलाच, तर तिचे दुरुस्तीचे साधन जुने, मुरलेले आणि कोणालाही वापरता येण्याजोगे आहे.

ड्राइव्ह स्वस्तातली असेल तर हे फार महत्त्वाचे ठरते. फाइल सिस्टीम ड्राइव्हला सांगते, ‘आतापर्यंतचे सगळे चिपवर उतरव आणि मग मला कळव.’ काही स्वस्त ड्राइव्हचे फर्मवेअर न उतरवताच ‘झाले’ म्हणून कळवते. वीज असेपर्यंत कोणाला काही समजत नाही. नेमकी वीज गेली, की बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टीमची अंतर्गत साखळी तुटू शकते. ‘पेरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड’ असा संदेश येतो आणि ती उघडायलाच नकार देते. तिच्या दुरुस्तीच्या साधनाबद्दल तिच्या कर्त्यांनीच इशारा देऊन ठेवला आहे, की जाणत्याच्या सल्ल्याशिवाय ते चालवू नका. एक्स्ट-४ अशा ड्राइव्हवर अजिबात बिघडत नाही असे नाही, पण ती जास्त सोसते आणि बिघडली तरी बरेच काही परत देते. नाव न ऐकलेल्या कंपनीची एसएसडी घेतली असेल, तर पुढचा विचार न करता एक्स्ट-४ घ्या.

ड्राइव्ह घेतानाच काळजी घेतली तर आणखी उत्तम. काउंटरवर जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल मागा आणि त्यावर ड्राइव्हचा सिरियल नंबर लिहून घ्या. तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर हमीसाठी तिथल्या तिथे, फोनवरच तपासता येतो. २ टीबीची एसएसडी निम्म्याहून कमी भावात मिळत असेल, तर आत बहुधा लहान चिप आणि खोटे बोलणारा कंट्रोलर असतो. संगणकाला ती २ टीबी दाखवते आणि खरी जागा भरली की जुन्या फाइलींवर नवे लिहीत जाते. ‘एफ-३’ नावाचे मोफत साधन ड्राइव्ह संपूर्ण भरून, परत वाचून हा खोटेपणा उघड करते. घरी आणल्यावर कामाचे काहीही ठेवण्याआधी ते एकदा चालवा. एक रात्र लागेल. जुनी, वापरलेली एसएसडी घेतली असेल, तर ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये तिचा स्मार्ट अहवाल उघडून ती किती तास चालली आहे ते बघा. बऱ्याच ड्राइव्ह आजवर किती लेखन झाले तेही दाखवतात.

एक्स्ट-४ ची एक बारकी पण उपयोगी गोष्ट. प्रत्येक पार्टिशनमधली ५ टक्के जागा ती मुख्य प्रशासकासाठी राखून ठेवते. २४० जीबीत ही १२ जीबी झाली. सिस्टीमच्या पार्टिशनवर ती राखीव राहू द्या, कारण डिस्क गच्च भरली तरी संगणक त्यामुळे सुरू होतो. फक्त फाइली ठेवायच्या पार्टिशनवर मात्र ‘ट्यून-टू-एफएस’ या आज्ञेने ती १ टक्क्यावर आणायला हरकत नाही.

बीटीआरएफएस: ज्यांच्याकडे जपायचे काही आहे

ज्या महिन्यात मुंबईची वीज गेली, त्याच ऑक्टोबर २०२० मध्ये फेडोरा ३३ बाहेर पडले आणि त्याच्या डेस्कटॉप आवृत्तीने एक्स्ट-४ सोडून बीटीआरएफएस ही आपली मूळ फाइल सिस्टीम केली. ओपनसुसेने ते पाऊल २०१४ मध्येच उचलले होते. ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ओरॅकलमध्ये असताना तिचे काम सुरू केले. सुरुवातीच्या वर्षांत तिने अनेकांना रडवले हे खरे आहे. पण आज एका चांगल्या ड्राइव्हवर ती नीट चालते, आणि तिच्याकडे दोन गोष्टी अशा आहेत, ज्या एक्स्ट-४ कडे नाहीतच.

पहिली स्नॅपशॉट. बीटीआरएफएस जुन्या मजकुरावर नवा लिहीत नाही; बदल नव्या जागी लिहिते आणि मग नोंद तिकडे वळवते. त्यामुळे ‘आत्ता आहे ती स्थिती धरून ठेव’ असे सांगितले, की ती क्षणात धरून ठेवली जाते आणि सुरुवातीला जवळजवळ काहीच जागा खात नाही. सकाळी स्नॅपशॉट घेतला आणि दुपारी कोणी एक फोल्डर पुसून टाकले, तर सकाळचे फोल्डर तिथेच, हात लावताच मिळते. ट्रिमने पुसल्या फाइलींची आशा संपवली आहे, त्यावरचा हा उतारा. लिनक्स मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये बीटीआरएफएस निवडली तर तो सिस्टीम आणि होम यांचे वेगळे उपखंड आपोआप करतो आणि ‘टाइमशिफ्ट’ हा प्रोग्रॅम त्यांवर लगेच काम करू लागतो. मात्र टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये फक्त सिस्टीमचा स्नॅपशॉट घेतो. होम फोल्डरही हवे असेल तर तिथे खूण करावी लागते. फेडोरात उपखंडांची नावे वेगळी असल्याने टाइमशिफ्ट तसाच्या तसा चालत नाही. ओपनसुसेत ‘स्नॅपर’ असतो आणि बिघडलेल्या अपडेटनंतर संगणक सुरू होतानाच्या यादीतूनच मागच्या स्थितीवर जाता येते. नवशिक्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. बीटीआरएफएस प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या लिहून ठेवते आणि तो तुकडा वाचताना ती जुळते का ते पाहते. याची गरज कोणाला?

गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा. लालबागचा राजा १९३४ पासूनचा. या पट्ट्यातल्या कितीतरी मंडळांकडे, व्यायामशाळांकडे, भजनी मंडळांकडे, नाटकवेड्या घरांकडे जुने फोटो, निमंत्रणपत्रिका, अहवाल, कॅसेटवरची ध्वनिमुद्रणे आहेत. चाळी पाडल्या जात आहेत, कपाटे हलत आहेत, आणि कोणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी हे सगळे स्कॅन करून संगणकात ठेवते आहे. मूळ फोटोला वाळवी लागली, की तो स्कॅन हाच फोटो. आता समजा, एसएसडीतल्या एका चिपने त्यातला एक तुकडा चुकीचा परत दिला. ड्राइव्हची स्वतःची चूक पकडण्याची यंत्रणा असते, पण ती कधी कधी चुकते. एक्स्ट-४ आपला हिशेब तपासते, फाइलीच्या आतला मजकूर तपासत नाही. फोटो खालच्या अर्ध्यात करडा झालेला असतो आणि कोणाला माहीत नसते. महिन्याच्या बॅकअपला तो बिघडलेला फोटो चांगल्या प्रतीवर चढतो. दोन्हीकडून गेला.

बीटीआरएफएस अशी फाइल वाचायला नकार देते आणि वाचताना चूक झाली असे स्पष्ट सांगते. एकाच ड्राइव्हवर ती मजकूर दुरुस्त करू शकत नाही, कारण दुसरी प्रत नसते. पण बॅकअप बिघडण्याआधी तुम्हाला कळते आणि चांगली प्रत तिथून परत आणता येते. महिन्यातून एकदा ‘स्क्रब’ चालवली, की ती सगळी डिस्क वाचून पडताळते. ५०० जीबीच्या सॅटा एसएसडीला हे काम चहा पिऊन येईपर्यंतचे आहे. ज्यांच्या संगणकात दुसरीकडे कुठेच नसलेले काही आहे, त्यांनी एवढ्यासाठी तरी बीटीआरएफएस शिकून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

तिचे पथ्यही सांगितले पाहिजे. डिस्क काठोकाठ भरू देऊ नका. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी हवी, नाहीतर ‘जागा शिल्लक आहे’ असे दिसत असतानाही ती लिहायला नकार देऊ शकते. स्नॅपशॉट साचू देऊ नका. पुसलेली मोठी फाइल जुन्या स्नॅपशॉटमध्ये अडकलेली असेपर्यंत तिची जागा सुटत नाही. १२० जीबीच्या लहान ड्राइव्हवर म्हणूनच मी ती सुचवत नाही. व्हर्च्युअल मशीन किंवा डेटाबेसच्या मोठ्या फाइली तिच्यावर तुकड्या-तुकड्यांत विखुरतात. त्यांच्या फोल्डरपुरती नव्या जागी लिहिण्याची पद्धत बंद करता येते, पण मग त्या फाइलींची पडताळणीही बंद होते. आणि अनेक ड्राइव्ह जोडून रेड ५ किंवा ६ करायचे असेल, तर बीटीआरएफएसचे ते अंग अजून भरवशाचे नाही.

तिच्यात दाबून साठवण्याची सोयही आहे. फेडोरा ३४ पासून ‘झेडस्टँडर्ड’ पद्धतीने ती आपोआप चालू असते. प्रोग्रॅम, मजकूर, न दाबलेल्या टिफ फाइली यांची जागा चांगली वाचते. जेपीईजी आणि एमपी-४ आधीच दाबलेले असतात, त्यामुळे मिरवणुकीचे व्हिडिओ त्याने लहान होणार नाहीत.

मराठी नावांची अडचण

हा मुद्दा लिनक्सच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही, पण मराठीतून काम करणाऱ्याला तो नक्की भेटतो. एक्स्ट-४, बीटीआरएफएस, एक्सएफएस, एफटूएफएस, सगळ्यांत फाइलीच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे मात्रा, वेलांटी, हलंतही. ‘गणेशोत्सव’ या शब्दात ग, ण, एक मात्रा, श, ओकार, त, हलंत, स, व अशी नऊ चिन्हे. म्हणजे २७ बाइट. सगळे मिळून ८५ चिन्हांच्या आसपास नाव संपते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादा २५५ चिन्हांची, म्हणजे देवनागरीसाठी तिप्पट आहे. त्यामुळे विंडोजवरून फोल्डर आणताना ‘सन, प्रसंग, स्थळ, कोण कोण’ अशी ऐसपैस नावे दिलेल्या फाइली अडतात आणि नाव फार लांब असल्याचा संदेश येतो. कॉपी संपल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवून पाहा. राहिलेल्या फाइली बहुधा याच असतात. नाव लहान ठेवा, वर्णन वेगळ्या फाइलीत लिहा.

याच कारणाने दुसरी एक निवड टाळा. लिनक्स मिंटचा इन्स्टॉलर ‘फक्त होम फोल्डर एन्क्रिप्ट करा’ असा पर्याय देतो. त्यामागच्या ईक्रिप्टएफएसमध्ये नावाची मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ४७ चिन्हे. लॅपटॉप रोज दादरच्या गर्दीतून लोकलने नेत असाल तर एन्क्रिप्शन हवेच, पण संपूर्ण डिस्कचे, लक्स पद्धतीचे घ्या. त्यात नावांना धक्का लागत नाही.

आणि ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला ऱ दोन प्रकारे लिहिला जाऊ शकतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि खालचा नुक्ता मिळून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. लिनक्सच्या फाइल सिस्टीम नाव म्हणजे नुसते बाइट मानतात, म्हणून एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या तर घाबरू नका. एक बहुधा मॅकवरून आलेली असते.

बाकीच्या, थोडक्यात

एक्सएफएस १९९० च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्सने आपल्या संगणकांसाठी केली; रेड हॅटने २०१४ मध्ये आवृत्ती ७ पासून ती मूळ म्हणून घेतली. मोठमोठ्या व्हिडिओ फाइलींवर काम करणाऱ्यांनी, विशेषतः रॉकी लिनक्सवर संकलन करणाऱ्यांनी, कामाच्या ड्राइव्हसाठी ती जरूर घ्यावी. तिचे पार्टिशन वाढवता येते, लहान करता येत नाही, हे आधी लक्षात ठेवा. एफटूएफएस सॅमसंगने फ्लॅशसाठीच केली, २०१३ मध्ये ती कर्नलमध्ये आली आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ती चालते. मेमरी कार्डावर किंवा स्वस्त लॅपटॉपच्या ईएमएमसीवर ती शोभते; स्वतःचा चांगला कंट्रोलर असलेल्या एसएसडीवर तिचा फायदा फारसा उरत नाही. झेडएफएस उत्तम आहे, पण परवान्याच्या अडचणीमुळे ती कर्नलबाहेर राहते. अनेक ड्राइव्हचा सर्व्हर असेल तेव्हा तिच्याकडे वळा. बीकॅशेएफएस जानेवारी २०२४ मध्ये कर्नलमध्ये आली आणि २०२५ मध्ये बाहेर काढली गेली. घरच्या संगणकावर तिचा प्रयोग नको.

पार्टिशनचा आराखडा साधा ठेवा. यूएफईआय असलेल्या संगणकाला ५१२ एमबी ते १ जीबीचे फॅट-३२ पार्टिशन लागतेच. एक्स्ट-४ घेत असाल तर सिस्टीमला ५०-६० जीबी आणि उरलेले होमला द्या. उद्या लिनक्स पुन्हा टाकायची वेळ आली तर होमला हात लावावा लागत नाही. बीटीआरएफएसमध्ये उपखंड एकच जागा वाटून घेतात, तिथे ही विभागणी नको. फॉन्ट किंवा टॅलीसाठी विंडोजही ठेवायचे असेल, तर दोघांत वाटायच्या फाइलींचे पार्टिशन एनटीएफएसमध्ये करा आणि विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. नाहीतर लिनक्स त्या पार्टिशनवर लिहू देत नाही. झेरॉक्सवाल्याकडे न्यायच्या पेनड्राइव्हला एक्सफॅट ठीक.

फाइल सिस्टीम म्हणजे बॅकअप नव्हे

स्नॅपशॉट त्याच एसएसडीवर असतात. ड्राइव्ह मेली की तेही गेले, आणि एसएसडी मरते ती हार्ड डिस्कसारखी खडखडाट करून नव्हे. काल चालत होती, आज दिसत नाही. म्हणून दुसरी प्रत हवीच आणि ती दुसऱ्या घरात हवी. हिंदमाताला पावसाळ्यात पाणी भरत आले आहे; २६ जुलै २००५ ला तर तळमजल्यांची काय दशा झाली ते या भागात नव्याने सांगायला नको. दुकान तळमजल्यावर असेल तर बॅकअपची डिस्क वरच्या मजल्यावर, आणि आणखी एक प्रत डोंबिवलीच्या काकांकडे किंवा पुण्याच्या बहिणीकडे ठेवा. ती प्रत साध्या हार्ड डिस्कवर करा. एसएसडी वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. घरगुती ड्राइव्हसाठी जेडेक संस्थेचा निकष इतकाच आहे, की लेखनाची मर्यादा संपत आलेल्या ड्राइव्हने वीज नसताना ३० अंश तापमानात एक वर्ष मजकूर धरून ठेवावा. तापमान वाढले की ही मुदत घटते, आणि मुंबईतले बंद कपाट उन्हाळ्यात ३० अंशांच्या वरच असते. नवी ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकते, पण तिच्यावर विसंबू नका.

आणि शेवटची विनंती. फॉरमॅटचे बटण दाबण्याआधी बॅकअपमधल्या चार-पाच फाइली प्रत्यक्ष उघडून बघा: एक फोटो, एक पत्र, एक हिशेब, एक ध्वनिमुद्रण. नवी एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क विकू नका, पुसूही नका. तिच्यावर तारीख लिहा आणि निदान सहा महिने ती तशीच ठेवा.